चाचणीची वेळ आणि पिल्लाचे वय

घरात कुत्र्याचे पिल्लू आणण्याचा निर्णय बहुधा अंतःकरणाच्या ओढीने घेतला जातो, आणि तो तसा घेतला जावा यात काही गैर नाही. परंतु ज्या क्षणी ते पिल्लू उंबरठा ओलांडून आत येते, त्या क्षणापासून त्याच्या जिवाची जबाबदारी आपल्या शिरावर पडते, आणि ती पार पाडण्यास केवळ माया पुरी पडत नाही. डोळे चमकदार, अंग तुकतुकीत, शेपूट सतत हलती आणि वाटीतले अन्न क्षणार्धात फस्त, असे पिल्लू निरोगी असलेच पाहिजे, अशी आपली साधी समजूत असते. या समजुतीपायी किती पिल्ले प्राणास मुकतात, हे कोणत्याही पशुवैद्याला विचारावे. शेवटच्या घटकेला त्याच्यापुढे आणून ठेवलेली कित्येक पिल्ले दोनच दिवसांपूर्वी अंगणात बागडत होती, असे तो सांगेल. दुखणे बाहेर दिसू लागण्यास लागणारा अवधी आणि ते प्राणघातक होण्यास लागणारा अवधी, यांत इतक्या कोवळ्या देहात फारसे अंतर नसते.

म्हणून तपासणी करावयाची ती पिल्लू धडधाकट दिसत असतानाच. मात्र ती कोणत्या वयात कोणती करावी, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. आज मोठ्या शहरांत चाचण्यांची वाण नाही. रक्ताचा एक थेंब यंत्रात घातला की दोन डझन आकडे छापून बाहेर येतात, आणि तो कागद हाती पडला की पालकाला आपले कर्तव्य पुरे झाल्यासारखे वाटते. माझ्या मते चाचण्यांची संख्या वाढवण्यापेक्षा त्यांची वेळ साधणे कितीतरी अधिक महत्त्वाचे आहे. कारण पिल्लाच्या बाबतीत एकच चाचणी दुसऱ्या आठवड्यात खोटा दिलासा देते, आठव्या आठवड्यात खरी साक्ष देते, तर दुसरी एखादी सात महिन्यांपर्यंत मुळी बोलूच शकत नाही.

हा विचार मनात दृढ झाला तो बडोद्याच्या समा भागाकडे पाहून. संस्थानी काळात दांडिया बाजार आणि रावपुरा यांच्या आसपास एकवटलेली मराठी वस्ती पुढे नोकरी, शिक्षण आणि जागेची टंचाई यांमुळे शहराच्या चारी बाजूंस पांगली, आणि उत्तरेकडील समा हे तिच्या नव्या मुक्कामांपैकी एक झाले. समा तळावापासून समा–सावली रस्त्यापर्यंत बंगले आणि सदनिकांच्या सोसायट्या दाटीने उभ्या आहेत. संध्याकाळी त्यांच्या फाटकांतून लॅब्रेडोर, जर्मन शेफर्ड, पग आणि ज्यांना कोणी जात विचारीत नाही अशी गल्लीतली कुत्री एकाच वेळी रस्त्यावर दिसतात. घराघरांतल्या दत्ताच्या तसबिरीत पायांशी चार श्वान बसलेले असतात, आणि नारेश्वरच्या रंग अवधूत महाराजांमुळे गुजरातेतही ही दत्तभक्ती खोल रुजलेली आहे. तेव्हा कुत्र्याविषयी या लोकांच्या मनात दुरावा नाही. गल्लीतली एखादी कुत्री व्याली की तिला शिरा करून घालणाऱ्या आजीबाई इथे आहेत. माया भरपूर आहे. तिला शास्त्राची जोड मिळाली की पुष्कळ जीव वाचतील.

प्रथम पोटातल्या जंतांचा विचार करू, कारण सर्वांत मोठा गैरसमज तेथेच आहे. पिल्लाला जंत होतात ते माती चाटल्याने किंवा गोड खाल्ल्याने, असे सर्रास मानले जाते. वस्तुतः टॉक्सोकारा कॅनिस या गोलकृमीच्या अळ्या आईच्या स्नायूंत आणि इतर अवयवांत वर्षानुवर्षे सुप्त पडून असतात. ती गाभण राहिली की गर्भधारणेच्या सुमारे ४२व्या दिवसापासून त्या जाग्या होतात आणि वारेतून थेट गर्भातल्या पिल्लांच्या यकृतात जाऊन बसतात. म्हणजे जन्माला आलेले पिल्लू बहुधा जंत घेऊनच जन्मते. आईची विष्ठा तपासून ती स्वच्छ आढळली, तरीही. या अळ्या पुढे फुप्फुसांतून घशात आणि घशातून आतड्यात उतरतात, तेथे वाढून प्रौढ होतात, आणि पिल्लू तीन आठवड्यांचे होण्याच्या सुमारास त्यांची अंडी विष्ठेत दिसू लागतात. एकेक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते.

याहून दुष्ट आहे तो अंकुशकृमी. तो आईच्या दुधावाटे पिल्लाच्या पोटात जातो आणि आतड्याच्या अस्तराला दातांनी धरून रक्त पितो. एक कृमी दिवसाकाठी साधारण ०.१ मिलिलिटर रक्त वाया घालवतो. हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु एक किलो वजनाच्या पिल्लाच्या शरीरात एकंदर रक्तच ८० ते ९० मिलिलिटर असते, आणि पन्नास कृमी असले तर रोज पाच मिलिलिटर रक्त जाते, हा हिशेब मांडून पाहावा. अशी पिल्ले दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकाएकी पांढरीफटक पडतात, शौच डांबरासारखी काळी होते, आणि कृमींनी अंडी घालण्यास प्रारंभ करण्यापूर्वीच पिल्लाचा अंत होतो. त्या दिवशी विष्ठेची चाचणी केली असती तर ती निर्दोष आली असती. म्हणूनच या वयात चाचणीची वाट न पाहता औषध देण्याचा शिरस्ता जगभरच्या पशुवैद्यांनी मुक्रर केला आहे. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात पायरँटेल किंवा फेनबेंडाझोल यांसारखे औषध, तेही दर वेळी पिल्लाचे वजन करून त्या वजनाच्या मापाने, अशी ती पद्धत आहे. भावंडांतल्या धष्टपुष्ट पिल्लाला पुरणारी मात्रा रोडक्या पिल्लाला अधिक होते. आणि रोडक्याच्या अंदाजाने दिलेली धष्टपुष्टाला पुरत नाही, व त्याच्या पोटात जंत राहून जातात.

मग विष्ठेची तपासणी करावयाचीच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. ती करावयाची सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, दिलेल्या औषधाचा गुण आला की नाही याची खातरजमा करण्यासाठी, आणि त्या औषधाने न मरणारे दुसरे काही पोटात आहे काय, हे पाहण्यासाठी. कॉक्सिडिया आणि जिआर्डिया हे एकपेशीय जीव पायरँटेलला दाद देत नाहीत; त्यांची औषधे निराळी. तपासणीची रीत मात्र अत्यंत साधी आहे. शेंगदाण्याएवढी विष्ठा मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळून, गाळून, नळीत काठोकाठ भरतात आणि तिच्या तोंडावर पातळ काच ठेवतात. मिठाचे द्रावण अंड्यांपेक्षा जड असल्यामुळे अंडी वर तरंगत येऊन त्या काचेला चिकटतात, आणि दहा-पंधरा मिनिटांनी ती काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली की टॉक्सोकाराची गोल, जाड कवचाची, गर्द अंडी आणि अंकुशकृमीची पातळ कवचाची, आत पेशींचा पुंजका असलेली लंबगोल अंडी स्पष्ट ओळखू येतात. जिआर्डियाच्या कोषांचा या तीव्र द्रावणात चुरमडून आकार बिघडतो, म्हणून त्यांच्यासाठी झिंक सल्फेटचे द्रावण वापरतात. पिसवांमुळे होणाऱ्या फीतकृमीची अंडी बहुधा या रीतीने सापडतच नाहीत; शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे, ताजे असताना किंचित वळवळणारे तुकडे दिसले, तर तीच त्यांची ओळख समजावी.

नमुना ताजा हवा, याविषयी मी थोडा आग्रह धरतो. बडोद्याच्या उन्हाळ्यात सकाळची विष्ठा डबीत घालून संध्याकाळी दवाखान्यात नेली, तर जिआर्डियाचा चपळ प्रकार तोवर मरून जातो, आणि दिवसभर तशीच ठेवली तर अंकुशकृमीच्या अंड्यांतून अळ्याही बाहेर पडू लागतात. तासा-दोन तासांत पोहोचवणे शक्य नसेल, तर डबी घट्ट बंद करून शीतकपाटात, अन्नापासून दूर, ठेवावी. चमचाभर नमुना पुरतो.

ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी या प्रकरणाकडे केवळ पिल्लाच्या दृष्टीने पाहू नये. टॉक्सोकाराची अंडी मुलाच्या पोटात गेली तर त्यांतल्या अळ्या यकृतात, फुप्फुसांत आणि क्वचित डोळ्याच्या पडद्यात जाऊन बसतात, आणि दृष्टी अधू करू शकतात. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायांच्या कातडीत शिरून वेड्यावाकड्या, खाजऱ्या रेषा उठवतात. परंतु यावरून पिल्लू घराबाहेर काढण्याचे कारण नाही. टॉक्सोकाराचे अंडे विष्ठेतून बाहेर पडते तेव्हा ते निरुपद्रवी असते. त्यात संसर्गक्षम अळी तयार होण्यास मातीत दोन-तीन आठवडे लागतात. तेव्हा सोसायटीच्या बागेतली आणि बांधकामाच्या वाळूच्या ढिगावरची विष्ठा रोजच्या रोज उचलली गेली, तर धोक्याचे मूळच छाटले जाते. अंकुशकृमीला मात्र काही दिवसच पुरतात, म्हणून उद्यावर टाकू नये.

आता पिल्लाला दवाखान्यात प्रथम नेले जाते त्या भेटीकडे वळू. या भेटीतली सर्वांत मोलाची उपकरणे म्हणजे तराजू, तापमापक, स्टेथोस्कोप आणि वैद्याची बोटे. नवजात पिल्लाचे वजन आठ-दहा दिवसांत दुप्पट व्हावे लागते; त्यामुळे स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज एकाच वेळी केलेले वजन, विशेषतः घरी व्यालेल्या कुत्रीच्या पिल्लांचे, हीच पहिल्या पंधरवड्यातली सर्वोत्तम चाचणी होय, आणि वजन वाढणे थांबले तर पिल्लू रडू लागण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तापमानाचेही असेच आहे. पहिल्या आठवड्यात ९५ ते ९८ अंश फॅरनहाइट हे पिल्लाचे स्वाभाविक तापमान असते, त्याला कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाचे तेवढेच तापमान निघाले तर मात्र ते संकटात आहे. तोंड उघडून टाळू पाहतात, कारण जन्मतः दुभंगलेल्या टाळूमुळे दूध नाकावाटे फुप्फुसांत जाते. बेंबीजवळ मऊ फुगवटा आहे काय, कानांत काळसर कॉफीच्या चोथ्यासारखा मळ, म्हणजे कानातल्या सूक्ष्म किडीची खूण, आहे काय, नराची दोन्ही वृषणे खाली उतरली आहेत काय, हेही याच वेळी पाहतात. वृषणे आठ आठवड्यांपर्यंत बहुधा उतरतात; न उतरल्यास सहा महिन्यांपर्यंत वाट पाहून मग शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा लागतो.

हृदयाच्या बाबतीत एका गोष्टीने पालक विनाकारण हवालदिल होतात. वाढत्या पिल्लांपैकी काहींच्या छातीत ठोक्यांच्या मध्ये एक हलकी मर्मर ऐकू येते; ती निर्दोष असेल तर चार-पाच महिन्यांच्या वयापर्यंत आपोआप नाहीशी होते. तथापि डाव्या काखेच्या वरच्या बाजूस अखंड, यंत्राच्या घरघरीसारखा ध्वनी ऐकू आला, तर गर्भावस्थेत उघडी असणारी आणि जन्मानंतर मिटावयास हवी ती रक्तवाहिनी मिटलेली नाही, असा संशय धरावा लागतो. हा दोष वेळीच उमगला तर शस्त्रक्रियेने किंवा वाहिनीत गुंडाळी बसवून तो जवळजवळ समूळ दूर होतो. दुर्लक्षिला तर अशी पुष्कळशी पिल्ले पहिल्या वर्षातच हृदय निकामी होऊन दगावतात. पहिला ध्वनी पुन्हा ऐकण्यासाठी महिन्याभराने जावे, दुसरा ऐकू येताच त्याच आठवड्यात प्रतिध्वनिचित्रण करून घ्यावे. हा भेद शांत खोलीत, खेळून दमलेले पिल्लू मांडीवर निजले असता, दोन मिनिटे कान देऊन ऐकणाऱ्या वैद्यालाच कळतो. दवाखान्यात गर्दी असली तरी ही दोन मिनिटे मागून घेण्याचा संकोच करू नये.

रक्ताच्या चाचणीविषयी विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण तिचा कागद पालकाला सर्वांत अधिक घाबरवतो. प्रौढ कुत्र्याच्या रक्तात लाल पेशींचे प्रमाण साधारण ३७ ते ५५ टक्के असते. पिल्लू जन्मते तेव्हा हे प्रमाण प्रौढासारखेच असते. मग ते घसरू लागते आणि चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास २८ ते ३० टक्क्यांच्या आसपास येऊन पुढे हळूहळू वर चढते. शरीर झपाट्याने वाढते आणि नव्या पेशी तयार होण्याचा वेग त्याला पुरा पडत नाही, म्हणून हे घडते. यंत्रात प्रौढ कुत्र्याच्या मर्यादा भरलेल्या असतात. ते यंत्र या निरोगी पिल्लाच्या आकड्यापुढे बिनदिक्कत खाली वळलेला बाण छापते. हाडे वाढत असताना अल्कलाइन फॉस्फटेज हे द्रव्य रक्तात दुपटी-तिपटीने असते, त्यापुढे वर वळलेला बाण येतो, आणि पालक यकृताच्या विकाराच्या चिंतेत पडतो. याउलट क्रिएटिनिन पिल्लात कमीच असावयास हवे. ते प्रौढाच्या मर्यादेत नीट बसले तरी कोवळ्या पिल्लाच्या बाबतीत वैद्याने थबकून विचार करावा. कागदावरच्या बाणांपेक्षा पिल्लाच्या हिरड्यांचा रंग आणि त्याचे नेमके वय अधिक सांगून जाते, ते यामुळेच.

समासारख्या ठिकाणी रक्त तपासण्याचे एक सबळ कारण मात्र आहे, आणि ते म्हणजे गोचीड, जिला शेजारचे गुजराती लोक इतरडी म्हणतात. कुत्र्याची तपकिरी गोचीड इतर गोचिडांप्रमाणे रानातच राहत नाही. भिंतींच्या भेगा, फरशीचे सांधे, पहारेकऱ्याच्या खोलीचे कोपरे यांत ती पिढ्यान्‌पिढ्या नांदते, आणि उष्म्यात व दमट हवेत तिचा प्रसार वाढतो. तिच्यापासून होणाऱ्या रोगांच्या इतिहासात हिंदुस्थानचे नाव ठळक आहे. हेपॅटोझून कॅनिस हा रक्तातला परजीवी १९०५ साली हिंदुस्थानातल्याच कुत्र्यांत प्रथम वर्णिला गेला. बॅबेसिया गिब्सोनाय हा लाल पेशी फोडणारा जीव पॅटन या संशोधकाने १९१० साली मद्रासेतल्या शिकारी कुत्र्यांच्या आणि मागाहून कोल्ह्यांच्या रक्तात पाहून त्याची नोंद केली. एर्लिकिया कॅनिसचा शोध मात्र १९३५ साली अल्जीरियात लागला. हे तिन्ही आज गुजरात-महाराष्ट्रातल्या दवाखान्यांत नित्याचे झाले आहेत, आणि लोक त्यांना एकत्रितपणे गोचीडताप म्हणतात.

पिल्लाच्या अंगावर गोचीड सापडली, हिरड्या फिकट दिसल्या, ताप आला किंवा पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके उमटले, तर कानाच्या कडेची शीर टोचून काढलेल्या थेंबाचा काचपट्टीवर पातळ थर द्यावा आणि तो गिम्सा रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. सोबत बिंबाणूंची, म्हणजे ज्यांना सारे जण प्लेटलेट म्हणतात त्यांची, मोजणी करावी. झटपट निकाल देणाऱ्या प्रतिपिंडांच्या पट्ट्या मिळतात, परंतु पिल्लाच्या बाबतीत त्या दोन्ही बाजूंनी फसवतात. एर्लिकियाचा संसर्ग झाल्यावर प्रतिपिंडे तयार होण्यास एक ते चार आठवडे लागतात, म्हणून आजारी पिल्लाची पट्टी कोरी येऊ शकते. आणि उलट, आईला पूर्वी हा रोग झाला असेल तर तिच्या चिकातून आलेली प्रतिपिंडे निरोगी पिल्लाच्या पट्टीवरही रेघ उमटवू शकतात. शंका उरल्यास रोगजंतूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणी करावी. बडोद्याहून जवळच असलेल्या आणंद येथे १९६४ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, ही या शहरातल्या पालकांची मोठी सोय आहे.

आईच्या चिकाचा उल्लेख आलाच आहे, तर पार्वो या विषाणुजन्य रोगाची गोष्ट तेथूनच सुरू होते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात प्यालेल्या चिकातून पिल्लाला जी प्रतिपिंडे मिळतात, ती त्याचे रक्षण करतात आणि त्याच वेळी लसीलाही निष्प्रभ करतात. ती कमी कमी होत जातात. एक काळ असा येतो की त्यांची मात्रा विषाणूला थोपवण्यास अपुरी, पण लसीला रोखण्यास पुरेशी असते, आणि हा काळ कोणत्या पिल्लात सहाव्या आठवड्यात येईल व कोणत्यात चौदाव्या, हे सांगता येत नाही. म्हणूनच एकच लस देऊन भागत नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत ती द्यावी लागते. ‘दोन लशी झाल्या, आता पुरे’ असे म्हणून बाराव्या आठवड्यात थांबणारे पालक मला फार भेटतात, आणि त्यांना हात जोडून सांगावेसे वाटते की शेवटची, सोळाव्या आठवड्याची लस हीच कदाचित तुमच्या पिल्लाची पहिली खरी लस असेल.

पार्वो हा रोगच मुळी नवा आहे. १९७८ च्या सुमारास तो जगात प्रकट झाला आणि दोन-तीन वर्षांत सर्व खंडांत पोहोचला. त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या साबणाला भीक घालत नाही, आणि चपलांच्या तळव्यांना लागून घरात येतो. पिल्लू खाईनासे झाले, वांत्या होऊ लागल्या, दुर्गंधीयुक्त रक्तमिश्रित जुलाब झाले, की विष्ठेच्या नमुन्यावर दहा-पंधरा मिनिटांत निकाल देणारी चाचणी तत्काळ करावी. ती होकारार्थी आली तर बहुधा खरीच असते, मात्र जिवंत विषाणूची लस दिल्यानंतरच्या काही दिवसांत फिकट रेघ उमटू शकते. नकारार्थी आली तर निश्चिंत होऊ नये, कारण पातळ जुलाबात विषाणूची मात्रा विरळ होते. अशा वेळी रक्तातल्या पांढऱ्या पेशींची मोजणी मदतीला येते. पार्वोत त्या एकाएकी कोसळतात. सलाइन वेळेवर चढले तर पुष्कळ पिल्ले वाचतात. धडधाकट पिल्लाची ही चाचणी नित्यनेमाने करण्यात अर्थ नाही. परंतु ज्या घरात आधीचे पिल्लू पार्वोने गेले असेल, त्या घराने नवे पिल्लू आणण्यापूर्वी फरशी विरंजक द्रावणाने धुऊन काढावी आणि शक्यतो लसीकरण पूर्ण झालेले पिल्लूच आणावे.

काही चाचण्या तहकूब ठेवण्यातच शहाणपण आहे. हृदयकृमी प्रौढ होण्यास सहा महिने लागतात, म्हणून सात महिन्यांच्या आत त्याची चाचणी करणे म्हणजे पैशाचा अपव्यय. लॅब्रेडोर आणि जर्मन शेफर्ड यांच्या खुब्याच्या सांध्यातला जन्मजात सैलपणा मोजणारी खास क्ष-किरण पद्धत सोळा आठवड्यांपासून वापरता येते, परंतु अमेरिकेतला प्रचलित अंतिम दाखला कुत्रे दोन वर्षांचे झाल्यावाचून देत नाहीत. लसीने प्रतिकारशक्ती खरोखर आली काय, हे रक्तातल्या प्रतिपिंडांवरून पाहावयाचे असेल, तर शेवटच्या लसीनंतर निदान चार आठवडे, म्हणजे वीस आठवड्यांचे वय, होऊ द्यावे. उलट डॅल्मेशियनसारख्या पांढऱ्या अंगाच्या जातींत आढळणारा जन्मजात बहिरेपणा पाच-सहा आठवड्यांतच ओळखता येतो. उपकरण उपलब्ध नसेल तर पिल्लू निजले असता, त्याला धक्का किंवा वारा न लागेल अशा बेताने, मागून किल्ल्यांचा जुडगा वाजवून पाहावा, मात्र एका कानाचा बहिरेपणा या रीतीने उघडकीस येत नाही.

आणि एका रोगासाठी तर चाचणीच नाही. जिवंत, धडधाकट दिसणाऱ्या पिल्लाला रेबीज आहे की नाही, हे सांगणारी कोणतीही भरवशाची चाचणी अस्तित्वात नाही; निश्चित निदान मृत्यूनंतर मेंदूच्या तपासणीनेच होते. पिल्लाचे दात बारीक, ओरखडा किरकोळ, म्हणून अनेक घरांत त्याकडे काणाडोळा होतो. गल्लीतून उचलून आणलेले पिल्लू चावले किंवा त्याचा दात लागला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. पिल्लाला स्वतःची रेबीजची लस तीन महिने पुरे होताच द्यावी.

समाच्या रहिवाशांना आणखी एका गोष्टीची आठवण करून देणे आवश्यक वाटते. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी पात्र सोडून बाहेर आली आणि समासह नदीकाठच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले. तत्पूर्वी २०१९ च्या पावसाळ्यातही शहराने असेच पाणी पाहिले. लोकांच्या स्मरणात राहिल्या त्या रस्त्यांवर आलेल्या मगरी. परंतु पाणी ओसरल्यावर चिखलात मागे उरतो तो उंदरांच्या मूत्रातून आलेला लेप्टोस्पायरा हा जंतू, जो ओलाव्यात टिकून राहतो आणि कातडीवरच्या बारीक खरचटीतून शरीरात शिरतो. पुराच्या पाण्यातून चाललेल्या पिल्लाला पुढल्या दोन आठवड्यांत ताप आला, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला किंवा लघवीचे प्रमाण एकदम बदलले, तर रक्ताबरोबर लघवीही तपासावी, आणि वैद्याला पुराचा उल्लेख आवर्जून करावा. अशा पिल्लाची लघवी साफ करताना हातमोजे घालावेत, कारण हा रोग माणसालाही होतो. समात राहणाऱ्या पिल्लाला लेप्टोस्पायराचा अंतर्भाव असलेली लस, तिच्या दोन मात्रा, पावसाळ्यापूर्वी मिळतील अशी तजवीज करावी.

पिल्लू विकत घ्यावयाचे असेल तर विक्रेत्याकडे कागद मागण्यास भिडू नये. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही, आणि नोंदणी व लसीकरणाचे दप्तर ठेवणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. पाच आठवड्यांचे पिल्लू ‘दोन महिन्यांचे’ म्हणून खपवले जाते तेव्हा केवळ एका नियमाचा भंग होत नाही. वर सांगितलेल्या प्रत्येक चाचणीचा आणि प्रत्येक लसीचा हिशेबच चुकतो, कारण तो सारा जन्मतारखेवर उभा आहे. पुढचे दुधाचे दात साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात आणि मागच्या दाढा सहाव्या ते आठव्या आठवड्यात पुऱ्या येतात. तेव्हा तारखेविषयी संशय वाटल्यास वैद्याला तोंड उघडून पाहण्यास सांगावे.

गल्लीतल्या कुत्रीच्या पिल्लांना कोणी विक्रेता नसतो आणि त्यांची तारीख लिहून ठेवणाराही नसतो. ती तारीख शिरा घेऊन जाणाऱ्या आजीबाईंना ठाऊक असते, आणि ती त्यांनी एखाद्या वहीत टिपून ठेवली तरी मोठे काम होईल. त्याहूनही आधीचे एक काम त्यांच्या हाती आहे. गाभण कुत्रीला गर्भधारणेच्या ४०व्या दिवसापासून पिल्ले चौदा दिवसांची होईपर्यंत वैद्याने ठरवून दिलेल्या मात्रेत फेनबेंडाझोल रोज दिले, तर वारेतून आणि दुधातून पिल्लांत उतरणाऱ्या जंतांचे प्रमाण पुष्कळच घटते. गल्लीतल्या कुत्रीचा ४०वा दिवस नेमका कळणे कठीण. परंतु पोट स्पष्ट दिसू लागताच तिला पाहण्यासाठी वैद्याला बोलवावे, आणि ते औषध रोजच्या पोळीत कालवून तिच्यापुढे ठेवावे.